पंखा फिरवायचा कोणी? इंजिनाने की विजेने?

१/
दसरा-दिवाळी उलटली की शिरूर कासार तालुक्यातील वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रॉलीत संसार चढतो: पाण्याची पिंपे, पिठाची पोती, कोंबड्या, लहान मुले आणि सर्वांत शेवटी कोयते. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यांना ओढून नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीमागे रेडिएटर असतो आणि त्यामागे पंखा. हा पंखा पट्ट्याने थेट इंजिनाला जोडलेला असतो. इंजिन फिरते तोवर तोही फिरतो.

२/
त्याच रस्त्याने एखादी मोटार पुढे निघून जाते. तिच्याही जाळीमागे पंखा आहे. पण तो बहुतेक वेळ थांबलेला असतो. पाणी तापले की विजेवर फिरू लागतो, निवले की थांबतो. रस्ता एक, ऊन एक, काम एक. व्यवस्था मात्र दोन. पाहणाऱ्याचा सहज समज होतो की मोटारीचा पंखा नवा आणि ट्रॅक्टरचा जुना, व तो कधीतरी बदलायचा राहून गेला आहे. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे सांगणारा हा धागा.

३/
आधी मूळ प्रश्न. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच कामी येतो. दुसरा तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पूर्ण जोराने चालत असेल, तर सुमारे तेहतीस किलोवॉट उष्णता पाण्यात जाते. एक किलोवॉटच्या तेहतीस विजेच्या शेगड्या एका बादलीत सोडाव्यात, तसे हे आहे. ती उष्णता बाहेर काढली नाही, तर काही मिनिटांत पाणी उकळते आणि त्यापाठोपाठ इंजिन जाम होते.

४/
आरंभीच्या अनेक मोटारींत यावर उपाय असा होता: भरपूर पाणी बाळगायचे आणि ते उकळून जाऊ द्यायचे. हे चित्र बदलले ते जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख याने. १९००च्या अखेरीस सिद्ध झालेल्या पस्तीस अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात सहा मिलिमीटर चौरस छेदाच्या ८,०७० नळ्या होत्या. हवेशी संपर्क येणारे क्षेत्रफळ एवढे वाढले की नऊ लिटर पाण्यात काम भागू लागले. या रेडिएटरच्या मागे मायबाखने एक पंखा बसवला.

५/
हा पंखा वेगासाठी नव्हता; मंदगतीसाठी होता. गाडी वेगात असली की समोरचा वारा आपोआप जाळीतून शिरतो. गाडी चढणीवर रेंगाळली, गर्दीत अडकली किंवा थांबली, की वारा थांबतो. इंजिनाची उष्णता मात्र थांबत नाही. ही वाऱ्याची उणीव भरून काढणे, एवढेच पंख्याचे प्रयोजन. त्याला फिरवण्याचा सर्वांत सोपा मार्गही समोरच होता. इंजिनाचा मुख्य दांडा फिरतच असतो; त्यावर कप्पी बसवायची आणि पट्टा चढवायचा. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पाणी खेळवायला पंपसुद्धा ठेवला नव्हता. गरम पाणी वर चढते, थंड खाली उतरते, यावर ते आपोआप फिरे. पण पट्ट्यावरचा पंखा तिच्यातही होता.

६/
या सोप्या मार्गात एक विसंगती दडलेली होती. पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगाशी बांधलेला, तर पंख्याची गरज मात्र उष्णतेशी आणि रस्त्यावरच्या वेगाशी बांधलेली. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर घुटमळते. गरज सर्वाधिक असताना पंखा सर्वांत सुस्त. मोकळ्या रस्त्यावर इंजिन चार हजार फेऱ्यांवर पोचते. वारा आपोआप मिळत असताना पंखा सर्वांत जोरात.

७/
याची किंमतही मोजावी लागते. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्याला लागणारी शक्ती आठपट होते, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आठशेवरून चार हजार म्हणजे वेग पाचपट. शक्ती हिशेबाने सव्वाशेपट. म्हणजे नको असलेला वारा निर्माण करण्यासाठी पेट्रोल जाळले जात होते. ही गोष्ट अभियंत्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. मग त्यांनी पंखा विजेवर का नेला नाही?

८/
कारण वीजच नव्हती. त्या काळच्या गाड्यांत डायनॅमो असे. तो मुख्यतः दिवे, भोंगा आणि बॅटरी यांच्यापुरता. त्याचा मोठा दोष असा की इंजिन मंद फिरू लागले की त्याची वीज जवळजवळ बंद पडे. म्हणजे विजेचा पंखा लावला असता, तर ज्या क्षणी त्याची गरज, नेमका त्याच क्षणी तो बॅटरी पिऊ लागला असता. मंद इंजिनावरही वीज देणारा अल्टरनेटर आल्याशिवाय हा पेच सुटणार नव्हता. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीत तो सरसकट दिला. पुढच्या दशकात तो जगभर रुळला.

९/
आता दख्खनकडे. आजचा शिरूर कासार तालुका, सिंदफणेच्या काठचा, तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीड जिल्ह्यात मोडत होता. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० साली सुरू झाली. बीड शहर तिच्या वाटेवर नव्हते. पूर्व टोकाच्या परळीला पुढे रेल्वे मिळाली, पण जिल्ह्याच्या ठिकाणी ती पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. तोपर्यंत या भागासाठी वाहतूक म्हणजे रस्ता, आणि रस्ता म्हणजे बैलगाडी किंवा इंजिन. त्यामुळे इंजिन थंड ठेवण्याचा प्रश्न येथे हौशी मोटारवाल्यांचा कधीच नव्हता.

१०/
जून १९३२मध्ये निजामाच्या राज्य रेल्वेने आपला रस्तेवाहतूक विभाग सुरू केला. आरंभी त्याच्याकडे २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. सीमेपलीकडे, मुंबई प्रांतात, १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली. सुरुवातीच्या त्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड अशा नाना जातींच्या बस होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दोन्हीकडचे रस्ते एका राज्याचे झाले. गाड्यांच्या जाती वेगळ्या असल्या, तरी ठेवण साधारण एकच: इंजिन पुढे, गाडीच्या लांबीत बसवलेले, त्याच्या नाकाशी पंखा आणि पंख्यापुढे रेडिएटर.

११/
बालाघाटचे पठार समुद्रसपाटीपासून पाचशे ते सातशे मीटर उंच आहे. या उंचीवर उघडे पाणी शंभराऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. फरक लहान वाटतो. पण मे महिन्यात बाहेरची हवाच चाळिशीपार गेलेली असताना, मांजरसुंब्यासारखा घाट भरल्या गाडीने चढताना, प्रत्येक अंश मोलाचा असतो. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवणारे झाले, तेव्हा पाणी शंभराच्या वरही न उकळता राहू लागले आणि हा त्रास पुष्कळ घटला. तापलेले झाकण उघडू नये, हा दंडक त्यानंतरचा. दाब सुटताच पाणी एकदम उकळून अंगावर येते.

१२/
पट्ट्याच्या पंख्याने चालकांना एक शहाणपण शिकवले. गाडी तापली तर घाईने इंजिन बंद करायचे नाही. गाडी उभी करून ओझे काढून टाकायचे आणि इंजिन थोडे जोरात फिरत ठेवायचे. उष्णता कमी निर्माण होते, पंखा आणि पाण्याचा पंप मात्र वेगात चालतात; काटा हळूहळू उतरतो. घाट खालच्या गिअरमध्ये चढण्यामागेही हेच गणित: गाडी हळू, इंजिन जलद, म्हणून पंखा जलद. वरच्या गिअरात इंजिन दाबून चढवणारा चालक दोन्हीकडून नुकसान करून घेई.

१३/
१९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७पासून विलीज जीप देशात आणली आणि नंतर ती इथेच जोडली. जीपमध्ये एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो या तिघांना फिरवी. रचना अत्यंत सुटसुटीत, पण पट्टा तुटला की हवा, पाणी आणि वीज ही तिन्ही एकदम जात. म्हणून आडरस्त्याला जाणारा चालक जादा पट्टा सीटखाली बाळगूनच निघे. तो बदलायला दोन पाने आणि पंधरा मिनिटे पुरत. खेड्यात ही यंत्रणा रुजली, त्यामागे हे सोपेपण होते. ती कशी चालते, हे बॉनेट उघडले की डोळ्यांना दिसे.

१४/
तिचा कमकुवतपणा शहरात उघडा पडला. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये १९५४पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. १९७४मध्ये तिचेच नाव पद्मिनी झाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे प्रामुख्याने हीच गाडी. तिचाही पंखा पट्ट्यावरचा. मोकळ्या रस्त्यावर तिची तक्रार नसे. पण उन्हाळ्यात सिग्नलमागून सिग्नल रेंगाळताना इंजिन मंद, पंखा मंद, वारा शून्य. बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला टॅक्सीवाला, हे त्या विसंगतीचे शहरी रूप होते.

१५/
विजेचा पंखा शेवटी आला तो इंधन वाचवण्याच्या विचारातून नव्हे, तर जागेच्या अडचणीतून. १९५९ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस याने मिनी ही छोटी गाडी रचली. प्रवाशांना जागा मिळावी म्हणून त्याने इंजिन आडवे बसवले. पण इंजिन आडवे झाले की त्याच्या दांड्याचे टोक गाडीच्या नाकाकडे न राहता चाकाकडे वळते. पंखा तर त्याच टोकाशी. इसिगोनिसने पंखा सोडला नाही. रेडिएटरच उचलून बाजूला, चाकाच्या कमानीलगत नेला. समोरचा वारा गमावून त्याने पट्टा राखला.

१६/
इटलीत दान्ते जिआकोसा याने उलट निर्णय घेतला. १९६९च्या फियाट १२८ गाडीत इंजिन आडवेच होते, पण रेडिएटर पुढे, वाऱ्यासमोर ठेवला आणि त्याला विजेवर चालणारा पंखा दिला. पट्टा तुटला, तार आली. पंख्याला आता इंजिनाच्या जवळ असण्याची गरज उरली नाही. आजच्या बहुतेक लहान मोटारींची ठेवण या गाडीच्या वळणावर गेली आहे. १९७३च्या तेलसंकटाने पेट्रोलचा प्रत्येक थेंब मोजला जाऊ लागला आणि विजेच्या पंख्याचा दुसरा गुण, म्हणजे गरजेपुरतेच फिरणे, तेव्हा किमतीचा ठरला.

१७/
भारतात हे वळण १४ डिसेंबर १९८३ रोजी आले. त्या दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिली मारुती ८०० तिच्या मालकाच्या हाती दिली गेली. तीन सिलिंडरचे आडवे इंजिन आणि विजेचा पंखा. महाराष्ट्रातही १९९८च्या अखेरीस पुण्यात घडलेली टाटा इंडिका याच ठेवणीची निघाली. पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले आणि खाजगी मोटारींतून पट्ट्याचा पंखा जवळपास निघून गेला.

१८/
त्याबरोबर चालकाचे कानही बदलले. पूर्वी पंख्याचा घुमारा इंजिनाच्या आवाजात मिसळलेला असे. आता तो अधूनमधून सुरू होतो, कधी गाडी बंद केल्यावरही चालू राहतो. बिघाडाची जातही बदलली. पट्टा तुटण्याआधी किंचाळतो, भेगाळतो, दिसतो. विजेचा पंखा फ्यूज, रिले किंवा तापमान ओळखणारा स्विच बिघडला की निमूटपणे बंद पडतो. मोकळ्या रस्त्यावर ते कळतही नाही. पुढच्या गर्दीत काटा लाल रेघेकडे गेला की कळते. अधिक जोरात इंजिन फिरवण्याचे जुने शहाणपण इथे उपयोगी पडत नाही.

१९/
येथवरची कथा सरळ शिडीसारखी दिसते: मायबाख, पट्टा, अल्टरनेटर, तार. मग ट्रॅक्टरने ही शिडी का चढली नाही? महिंद्रने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि भारतातील व्होल्टास यांच्यासह १९६३ साली ट्रॅक्टर कंपनी काढली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर पट्ट्याच्या पंख्यासह शेतात उतरला. साठ वर्षांनंतर, शिरूर कासारच्या रस्त्यावरचे नवे कोरे ट्रॅक्टरसुद्धा बहुतेक तसेच आहेत. उत्तर शोधण्यासाठी ट्रॅक्टर कोणते काम करतो, हे पाहावे लागते.

२०/
नांगरणीत ट्रॅक्टर ताशी पाचेक किलोमीटरने चालतो. समोरून वारा असा नसतोच. वेगाच्या वाऱ्याची भेट त्याला कधी मिळत नाही. दुसरे, त्याचे इंजिन गव्हर्नरच्या ताब्यात असते. फाळ खोल गेला, ओझे वाढले, तरी फेऱ्या जवळपास तेवढ्याच राखल्या जातात. इंधन मात्र वाढते. म्हणजे ज्या वेळी उष्णता सर्वाधिक, त्या वेळी इंजिन जोरात फिरत असते आणि पंखाही. मोटारीत गरज आणि वेग यांची फारकत होती. ट्रॅक्टरात ती नाही. मोटारीला जाचणारे बंधन ट्रॅक्टरला अगदी मापाचे बसते.

२१/
तिसरे कारण आकड्यांचे. लहान मोटारीचा पंखा दोन-तीनशे वॉटचा. बारा व्होल्टवर वीस-पंचवीस अँपिअर पुरतात. ट्रॅक्टरला मात्र सर्व हवा पंख्यानेच खेचायची असते. त्याला दीड किलोवॉट लागले, असे धरले तर बारा व्होल्टवर सव्वाशे अँपिअर होतात. साध्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बहुधा पन्नासाच्याही आत असतो. मोठ्या मालट्रकचा पंखा भर जोरात दहा किलोवॉट ओढू शकतो; चोवीस व्होल्टवर ते चारशेहून अधिक अँपिअर. तेवढ्यासाठी मनगटाएवढी तारांची जुडी आणि प्रचंड अल्टरनेटर लागेल. शिवाय इंजिनाची शक्ती आधी विजेत आणि मग परत फिरण्यात बदलताना दोन्ही वेळा गळती होते. पट्ट्यात ती फार थोडी.

२२/
तरीही अभियंत्यांनी मधली वाट काढली. अनेक ट्रकांत आणि मोठ्या जीपगाड्यांत पंखा व कप्पी यांच्यामध्ये सिलिकोन तेलाने भरलेली कळ असते. रेडिएटरमधून येणारी हवा थंड असली की पंखा सुटा होऊन नुसता रेंगाळतो. ती तापली की द्विधातूची लहान पट्टी वाकते, तेलाला वाट देते आणि पंखा इंजिनाला पकडतो. शक्ती पट्ट्याचीच, हुकूम मात्र उष्णतेचा. इंजिनाचा पंखा आणि विजेचा पंखा या दोनच टोकांत हा इतिहास बसत नाही, हे या लहानशा कळीवरून ध्यानात येते.

२३/
आता पुन्हा उसाकडे. १९५० साली नगर जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढील दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली. त्यांना तोडणीचे हात हवे होते. बीडच्या कोरडवाहू पट्ट्यात हात होते, पाणी नव्हते. १९७२च्या दुष्काळाने ही हंगामी वाट अधिक रुंद केली. आरंभी टोळ्या बैलगाड्यांनी गेल्या, मग ट्रकने, आणि आता फार मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टरने. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडण्यासाठी हंगाम काढायचा.

२४/
फडात ट्रॅक्टरची सर्वांत मोठी शत्रू म्हणजे पाचट. वाळलेल्या पानांचा भुसा आणि धूळ पंख्याच्या ओढीने रेडिएटरच्या जाळीवर बसतात. जाळी बुजली की पंखा इंजिनाचा असो वा विजेचा, हवा येणार कुठून? म्हणून चालक दिवसातून दोन-तीनदा जाळी झाडतो. काही हार्वेस्टरमध्ये तर पंखा उलटा फिरवून पाचट उडवून देण्याची सोय असते. ही झाडलोट कोणत्याही माहितीपुस्तकातील अश्वशक्तीपेक्षा अधिक निर्णायक ठरते.

२५/
कारण थांबण्याची किंमत इथे लिटरमध्ये मोजली जात नाही. ऊसतोड मजुराची मजुरी टनावर आहे. ट्रॅक्टर तापून उभा राहिला, तर तोडलेला ऊस फडातच वाळतो, काट्यावरचे वजन घटते, पुढची खेप चुकते. चालकाचा खोळंबा होतोच. पण उचलीचा हिशेब ज्या कोयत्यांच्या नावावर आहे, त्यांच्या वजाबाकीतही तो तास उतरतो. म्हणून वाटेत, रात्री, हाताशी असलेल्या दोन पान्यांनी दुरुस्त होणारा पंखा हा या लोकांच्या दृष्टीने मागासलेला पंखा नाही. तो त्यांच्या जोखमीला साजेसा आहे.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दा इथे आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या तारखांनी लिहिला जातो. प्रत्येक नवी वस्तू जुनीला हटवते, आणि जिथे जुनी टिकली तो प्रदेश मागे पडला, असा निष्कर्ष निघतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात हीच सवय तपासली. कोणती वस्तू केव्हा शोधली गेली यापेक्षा ती कोण, कुठे, कशासाठी वापरत आहे, यावरून इतिहास लिहावा, असा त्यांचा आग्रह आहे. मराठवाड्याला ‘मागास’ हे विशेषण इतक्या सहजतेने लावले जाते की ही तपासणी येथे अधिक गरजेची ठरते. रेल्वे सव्वाशे वर्षे उशिरा पोचणे हा मागासलेपणा आहे, आणि तो राज्यकर्त्यांच्या निर्णयांतून आला. ट्रॅक्टरवरचा पट्टा हा मागासलेपणा नव्हे. या दोहोंत गल्लत केली, तर खऱ्या अन्यायाकडे दुर्लक्ष होते.

२७/
१ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर, जिथे १९४८ साली पहिली एसटी धावली होती तिथेच, महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवरची बस धावू लागली. वरवर पाहता वादाचा निकाल लागला. पण नीट पाहिले तर वादाचा एक पक्षच तिथे हजर नाही: बसला इंजिनच नाही, तेव्हा इंजिनाने पंखा फिरवण्याचा प्रश्नच उरत नाही. उष्णता मात्र उरते. विद्युत वाहनांतही बॅटरी, मोटर आणि विजेचे नियंत्रक तापतात. त्यांना थंड करावे लागते, आणि चाळिशीपारचे ऊन तेच असते. उद्या विजेचे ट्रॅक्टर शेतात रुळले, तर त्यांच्यावरचा पट्टाही जाईल. जाईल तो इंजिनाबरोबर. तो कालबाह्य ठरला म्हणून नव्हे.

२८/
तेव्हा एखादे यंत्र जुने की नवे, असे विचारण्याआधी चार प्रश्न विचारावेत. ते किती वेगाने चालते? ओझे वाढते तेव्हा त्याच्या फेऱ्यांचे काय होते? शक्ती कुठून येते? आणि ते वाटेत थांबले तर कोणाचे नुकसान होते? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडतात. चौथ्याचे उत्तर, गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या घेऊन परतणाऱ्या ट्रॉल्यांत बसलेले असते.

(धागा समाप्त)